आंधी कोनं खोललं?

सुपडाजी मिस्त्रींनी मला माझं नाव विचारलं ते ओळख होऊन सहा महिने झाल्यावर. पहिल्या दिवशी विचारलं ते वेगळंच. मी मोपेड त्यांच्या टिनाच्या दुकानापुढे स्टँडवर लावली. माझ्याकडे न पाहता ते इंजिनाशेजारी उकिडवे बसले, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याले आंधी कोनं खोललं?"

"कोणीच नाही. माझ्याकडे आल्यापासून तरी नाही."

"असं सगळेच म्हनतात," ते म्हणाले आणि पाना शोधायला आत गेले.

मी तेव्हा मोताळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून नुकताच लागलो होतो. गावात कोणी ओळखीचं नव्हतं. मेकॅनिक लोक चांगला भाग काढून घेतात आणि जुना बसवतात, हे मात्र निघताना घरून तीन जणांनी बजावलं होतं. म्हणून मोपेड त्यांच्याकडे नेण्याच्या आदल्या दिवशी मी एक उद्योग केला होता. पुस्तकांच्या पाठीवर आकडे लिहायचा पांढरा रंग वाचनालयात असतो. त्याने कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही असा, एक बारीक आकडा लिहून ठेवला.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला गेलो. सुपडाजी हात धुवायला वळले तेव्हा वाकून पाहिलं. आकडा नव्हता. कार्बोरेटर लख्ख होता, नव्यासारखा, पण आकडा नव्हता. मला बोलता येत नाही अशा वेळी. नुसता उभा राहिलो.

सुपडाजींनी आतून वर्तमानपत्राची एक पुडी आणून माझ्या हातावर ठेवली. ही त्यांची रीतच होती, पण मला ती तेव्हा माहीत नव्हती. दुरुस्तीत यंत्रातून जे जे निघेल ते सगळं पुडीत बांधून मालकाला परत करायचं. झिजलेली रिंग, फाटलेलं पॅकिंग, वाकलेला वायसर, इतकंच नव्हे तर झाकणाच्या कडेवरून काढलेली जुनी पेस्टसुद्धा. मी पुडी उघडली. लाल पेस्टचे रबरासारखे तुकडे, काळपट कागदाचे पापुद्रे, आणि एका कोपऱ्यात वेगळी ठेवलेली पांढरी खपली.

"तो तुमचा आकडा," ते म्हणाले. "साफ करतानी निघाला. पुन्हा ल्याहाचा असंन तं ल्याहा. मी तिकडं पाह्यतो."

आणि खरोखरच ते पाठ फिरवून रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

त्या दिवशी मला वाटलेली लाज अजून पुरती गेलेली नाही. पण सुपडाजींना त्यात गैर काही वाटलं नव्हतं. उलट माझ्याबद्दल त्यांचं मत बरं झालं असावं. विश्वास ठेवून निघून जाणारा माणूस त्यांना बावळट तरी वाटे नाही तर लबाड.

त्यांचं काम लहान इंजिनांचं. मोपेड, पाठीवरचे फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं. मोठ्या गाडीला ते हात लावत नसत. अशा इंजिनात दोन झाकणं जिथे एकमेकांना भिडतात तिथे तेल गळू नये म्हणून पेस्ट लावलेली असते. इंजिन खोललं की ती जुनी पेस्ट पूर्ण काढावी लागते, मगच नवी लावता येते. बहुतेक दुकानांत हे काम पाच मिनिटांचं. पेचकस घ्यायचा, खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा. सुपडाजींना अर्धा दिवस लागे. ते धातूवर धातू लावत नसत. अॅल्युमिनियम मऊ असतं, त्यावर पेचकसाचा एक ओरखडा उठला की तेल तिथूनच वाट काढतं. त्यांच्याकडे बांबूच्या तासलेल्या कामट्या होत्या, वेगवेगळ्या रुंदीच्या. पेट्रोलने ओली केलेली चिंधी पेस्टवर पसरून ते थांबत. पेस्ट फुगली की कामटीने तिची कड उचलत आणि अंगठ्याने हळूहळू गुंडाळत आणत. कामाआधी इंजिनातलं प्रत्येक भोक चिंधीने बुजवायचं, म्हणजे कचरा आत पडत नाही. किती चिंध्या खुपसल्या तो आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. निघाल्या की खोडायचा.

कड साफ झाली की तिला कोणी बोट लावायचं नाही. लावलं तर ते पुन्हा धुवायला बसत, आणि बोट लावणाऱ्याकडे पाहतसुद्धा नसत. ती शिक्षा पुरे होई. शेवटची तपासणी ते स्वतः करत, डोळ्यांनी नव्हे. झाकण उचलून त्याची कड खालच्या ओठावरून फिरवत. बोटांना घट्टे पडतात, ओठाला कळतं, असं त्यांचं म्हणणं.

जुन्या पेस्टवरून ते माणूस ओळखत. एकदा जळगाव जामोदकडून एक संत्र्याच्या बागेचे मालक गवत कापायचं यंत्र घेऊन आले होते. नेहमीचा प्रश्न झाला. त्यांनी गळ्याला हात लावून सांगितलं, कंपनीतून आलं तसं आहे, कोणी खोललेलं नाही. सुपडाजींनी झाकण काढलं आणि उन्हात धरलं.

"भाऊ, हे पाहा. खाली लाल हाय, कंपनीची. वर करडी हाय. म्हंजे कोनं तरी खोललं अन् खालची न काढता वरून लावली. घाईतला मानूस. हा ओरखडा पाहा, कुनीकडून आला. तुमच्या घरी डावखोरा कोन हाय?"

मालक हसायला लागले. "माह्या साळा."

"मंग साळ्याले म्हना, पेचकसानं दाढी कर, पन इंजिनाले लावू नको."

"तुमाले सांगनार होतो मी, पन..."

"पन सांगतलं नाही," सुपडाजी म्हणाले. ते हसत नव्हते. यंत्र दुरुस्त करून दिलं, पुडी बांधून दिली, आणि पुडीवर साळ्यासाठी म्हणून एक कामटी ठेवली.

दुपारी एक वाजता ते वाचनालयात येत. दोन वर्तमानपत्रं शेजारीशेजारी पसरून एकच बातमी दोन्हींत वाचत. एकदा माझ्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सर, याच्यात तिघं म्हनते. त्याच्यात चौघं. चौथा कुठं गेला?" ते चार दिवस त्या बातमीचा पाठपुरावा करत होते. पुस्तकंही ते आधी पाठीकडून पाहत. आमच्या शब्दकोशाची बांधणी वर्षाआड सुटायची. बांधणाऱ्याला मी दोष द्यायचो, कागदाला द्यायचो. सुपडाजींनी पाठीच्या आत बोट घातलं आणि म्हणाले, "जुन्या डिंकावर नवा लावून राह्यले. काढत कोनीच नाही." दुसऱ्या दिवशी कामटी आणि ओलं फडकं घेऊन आले आणि तीन दुपारी बसून तो सगळा डिंक काढला. तो कोश त्यानंतर सुटला नाही. निघालेला डिंक अर्थात पुडीत बांधून मला दिला.

त्यांच्या पत्नी शांताबाई दुकानामागच्याच घरातून त्यांचं जेवण आणत. मी असलो की त्यांना बोलायला जोर येई.

"सर, तुमी शिकलेला मानूस. यायले इचारा बरं, भाकर उलटी करून काऊन पाह्यतात. तीस वर्सं झाले. अजून माह्या हाताची खातरी नाही."

"खातरी हाय म्हनून तं खातो," सुपडाजी म्हणत. "पाह्यतो ते सवयीनं."

"मंग सवय कोनं लावली? म्या तं नाही लावली."

ही सवय कोणी लावली ते मला एकदाच कळलं, तेही अर्धवट. तरुणपणी ते एका मोठ्या गावात दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. तिथे एका गिऱ्हाइकाचा भाग बदलला गेला आणि आळ यांच्यावर आला. बदलला कोणी होता ते यांना ठाऊक होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. निघालेला जुना भाग कोणीतरी फेकून दिला होता. "तिथं माह्यं नाव गेलं," एवढंच ते म्हणाले. "इथं जाऊ द्याचं नाही." दुकानावर त्यांनी पाटी लावली नव्हती. लोक विचारत येत, आणि लोक एकमेकांना एकच गोष्ट सांगत, की सुपडाजीनं बंद केलेलं पुन्हा खोलावं लागत नाही.

गावात सगळ्यांनाच ते आवडत असं नाही. इतका संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या मनात काहीतरी असणार, असं बोलणारेही होते. मीही कधीकधी तसं मनात आणलं आहे. पुडीसुद्धा एक नाटक असू शकतं, असं मला एकदा वाटून गेलं. हे लिहिताना ते लपवण्यात अर्थ नाही.

मागच्या वर्षी, मिरचीवर फवारण्या चालू असायच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी वडनेर भोलजीच्या निर्मलाताई आल्या. नवराबायको भाजीपाला करतात, वांगी आणि मिरची, आणि फवारणीचं यंत्र त्या स्वतः पाठीवर घेतात. ते यंत्र सुपडाजींनी महिन्याभरापूर्वीच दुरुस्त करून दिलं होतं. आता ते जाम झालं होतं. दोरी ओढली तर हलत नव्हती. मी नेमका बाकावर बसलो होतो, बाजारामुळे दुकानापुढे आणखी चार-पाच जण उभे होते.

"याले आंधी कोनं खोललं?" सुपडाजी म्हणाले.

"तुमी," निर्मलाताई म्हणाल्या.

कोणीतरी मागे हसलं. सुपडाजी नाही हसले.

"माह्यानंतर."

"कोनीच नाही, मिस्त्री. म्या कोनाले हात लावू देल्ला नाही. घरी हे म्हनून राह्यले का तूच तेल न टाकता चालवलं. बाईच्या हाती मशीन देल्ली की असंच होते म्हनतात. आता मशीनले हात लावू देत नाहीत. तेल म्या रोज पाह्यलं. तुमी खोला अन् काय हाय ते खरं सांगा. मले दुसरं काही नको."

सुपडाजींचा त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दुरुस्तीनंतर झाकण बंद करताना ते एका बोल्टवर हिरव्या रंगाचा ठिपका देत, अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर. बोल्ट कोणी फिरवला की ठिपका तुटतो. त्यांनी यंत्र उजेडाकडे वळवलं. मग आणखी जवळ नेलं. इतकं जवळ की नाक झाकणाला लागेल. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. ठिपका मी बाकावरून पाहू शकत होतो. तो अखंड होता.

ते बोल्ट काढायला लागले. चिंध्या, कामट्या, सगळं नेहमीसारखं. झाकण सुटलं. कडेवर त्यांचीच करडी पेस्ट होती, दोऱ्यासारखी बारीक, एकसारखी. ती पाहून मागच्यांपैकी एक जण म्हणाला, "मिस्त्रीचं काम तं बराबर हाय. बाईनंच चालवलं असंन कोरडं." निर्मलाताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या सुपडाजींच्या हातांकडे पाहत होत्या.

या इंजिनात तेलाचा फवारा वरच्या भागात जायला एक भोक असतं, आगपेटीच्या काडीएवढं. सुपडाजींनी त्यात बारीक तार घातली. तार अडली. त्यांनी ती फिरवून बाहेर ओढली. टोकाला काहीतरी आलं. ते त्यांनी चिमटीत घेतलं आणि मूठ मिटली.

ते काय होतं, हे उभ्या असलेल्यांपैकी कोणाला दिसलं नाही. मला दिसलं, कारण बाक त्या बाजूला होता. लाल पेस्टची गोळी होती, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. जुनी. त्यांच्या आधी कोणीतरी भरमसाट लावलेल्या पेस्टची, भोकात शिरून बसलेली. त्यांनी ती न पाहता भोकात चिंधी खुपसली असणार, आणि चिंधीने ती आत ढकलली गेली असणार. चिंधी निघाली. गोळी राहिली.

मूठ मिटलेलीच होती. त्या दोन-तीन क्षणांत मी काय विचार केला ते मला आठवतं. मला वाटलं, आता ते मूठ खिशात घालतील. बाई कोरडं चालवल्याचा दोष घेऊन घरी जाईल. आणि मी हे पाहिलं आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी रस्त्याकडे बघायला लागेन. मी मान वळवायला सुरुवातही केली होती.

सुपडाजींनी मूठ उघडली आणि हात निर्मलाताईंपुढे धरला.

"माह्या हातचं राह्यलं," ते म्हणाले. "हे जुनं होतं. मले काढाचं होतं. तेल वरतं गेलंच नाही. तुमचा काही दोष नाही बाई."

निर्मलाताईंनी ती गोळी हातात घेऊन पाहिली. "एवढुसं?" त्या म्हणाल्या.

"एवढुसं."

"घरी सांगलं तं खरं वाटाचं नाही."

सुपडाजी माझ्याकडे वळले. "सर, ल्याहा."

मी वहीचं पान फाडून लिहिलं, की या यंत्रातील जुनी पेस्ट माझ्याकडून अनवधानाने राहून गेली, त्यामुळे इंजिन जाम झालं, चालवणाऱ्याची चूक नाही. त्यांनी ते मला वाचायला लावलं. दोनदा.

"अनवधानानं म्हंजे?"

"लक्ष नसताना."

"लक्ष होतं माह्यं. दिसलं नाही. ते ल्याहा."

"सुपडाजी, अर्थ एकच होतो."

"नाही होत. मले दिसलं नाही, असं ल्याहा."

मी शब्द खोडला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांनी खाली सही केली, कागदाला लाल गोळीची पुडी बांधली आणि निर्मलाताईंना दिली. सुटे भाग अकोल्याहून यायचे होते, पंधरा दिवस तरी लागणार होते. तोवर मिरची थांबणार नाही म्हणून स्वतःचा ठेवणीतला पंप त्यांच्या पाठीवर चढवून दिला आणि पट्टे जुळवून दिले. त्या गेल्यावर जमलेलेही गेले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बाजारभर झाली असणार.

दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी त्यांना बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. किती दिवसांपासून दिसत नव्हतं, हे त्यांनी आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशन न करताच परत आले.

"काऊन?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मीही त्यांच्यासारखं बोलायला लागलो होतो.

"काढलेलं माह्या हातात द्याचं म्हनलं मी. तं नर्स हासली."

"ते द्याचं नसते हो," शांताबाई म्हणाल्या. "ते काय पॅकिंग हाय? सर, तुमी सांगा यायले."

मी सांगितलं. माझ्या सांगण्याने पटलं की शांताबाईंनी बोलणं टाकलं त्यामुळे, कोण जाणे, पण ते तयार झाले. तारीख मिळाली. तारखेच्या आठ दिवस आधी सकाळी अंगणात तोंड धुताना ते खाली बसले, ते उठले नाहीत.

मी अजून महिन्यातून एकदा निर्मलाताईंना फोन करतो. यंत्र चालतं का, विचारतो.

"चालून राह्यलं, सर. आता हे बी मलेच चालव म्हनतात. तुमी काऊन इचारता दर वेळेस?"

"असंच," मी म्हणतो.

असंच नाही. त्यामागे सुपडाजी गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली एक दुपार आहे. भाग आले होते. सुपडाजी निर्मलाताईंच्या यंत्राचं झाकण साफ करत होते, सकाळपासून. भिंतीवर खडूने लिहिलेला चिंध्यांचा आकडा खोडून झाला होता. झाकण त्यांनी ओठावरून फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग माझ्यापुढे धरलं. साफ केलेली कड त्यांनी इतक्या वर्षांत कोणाच्या हातात दिली नव्हती. मी ते दोन्ही हातांच्या तळव्यांवर घेतलं, कडेला बोट न लावता.

"चष्मा लावा सर. काही राह्यलं काय पाहा बरं."

मी दाराशी जाऊन उन्हात पाहिलं. कडेवरून सावकाश नजर फिरवली.

"काही नाही."

"मंग हे पाहा." त्यांनी इंजिनाचा दुसरा भाग उचलून दिला. "भोक उजेडाकडं धरा. आरपार काय दिसते?"

"उजेड."

"पुरा गोल?"

मी पाहिलं. माझ्या डाव्या काचेवर पेट्रोलचा पुसट डाग होता, पण ते मला घरी गेल्यावर समजलं. तेव्हा मला उजेडाचा बारीक ठिपका दिसला आणि तो मला गोल वाटला.

"पुरा गोल," मी म्हणालो.

ते 'नक्की का?' असं विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं नाही. भाग माझ्या हातून घेतला, उजेडाकडे धरला नाही, तार घातली नाही, ओठाला लावला नाही. मांडीवर ठेवला आणि नव्या पेस्टच्या नळीचं टोपण काढलं.